दुपट्ट्याखालचा हात

खुशालरावांनी खुंटीवरचा पांढरा दुपट्टा स्वतःच्या हातानं धुऊन अंगणातल्या तारेवर वाळत घातला, तेव्हाच दुर्गाबाईंना कळलं की बैठक ठरली. तो दुपट्टा एरवी दिवाळीला धुतला जायचा, नाहीतर घरातल्या कुणाचं तरी बरंवाईट ठरवायचं असलं म्हणजे. दिवाळी केव्हाच होऊन गेली होती. दुर्गाबाईंनी पदर खोचला आणि पाटोड्यांसाठी बेसन काढलं. पोटभर जेवल्याशिवाय या घरातल्या पुरुषांना काही सुचत नाही, हे त्या लग्न होऊन आल्यापासून पाहत होत्या.

बैठकीची ही तऱ्हा अकोल्यात दुसऱ्या कुठल्या घरात नव्हती. खुशालराव जन्माचे दलाल. आधी कापसाच्या बाजारात होते, तिथे उघडी बोली सुरू झाल्यावर बैलबाजारात गेले. घेणारा आणि दलाल एकमेकांचा हात धरतात, वरून दुपट्टा टाकतात आणि बोटं दाबून भाव बोलतात. भोवती अख्खा बाजार उभा असतो आणि कुणाला काही कळत नाही. थोरला भाऊ वारला आणि त्याचे दोन्ही मुलगे, वामनराव आणि केशवराव, खुशालरावांच्या हाताखाली आले, तेव्हा त्यांनी तीच रीत घरात आणली. मोठा प्रश्न आला की घरातला एकेक पुरुष त्यांच्यासमोर बसायचा आणि दुपट्ट्याखाली हात द्यायचा. उघडा पंजा म्हणजे हो, मूठ म्हणजे नाही. शेवटी खुशालराव निकाल तेवढा सांगत. कुणी काय दिलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

“उघड्यावर मानूस गावाले इचारून बोलते,” ते म्हणत. “दुपट्ट्याखाली तो एकटा असते. म्हनून तिथं खोटं कमी.”

अकोटच्या जिनिंगमधला हिस्सा असाच विकला गेला. केशवराव असेच मार्केट कमिटीच्या निवडणुकीला उभे राहिले. केशवरावांचा मुलगा श्रावण नागपूरला इंजिनिअरिंगला जायचा होता, ते याच दुपट्ट्याखाली मोडलं आणि तो बापाबरोबर दलालीत बसला. आता पाळी होती वामनराव आणि दुर्गाबाईंच्या मुलीची, कौशल्याची.

कौशल्या एम.कॉम. होऊन अमरावतीच्या एका कॉलेजात वाणिज्य शिकवत होती आणि तिथेच अंबापेठेत गोदाबाईंकडे, म्हणजे आपल्या सख्ख्या आत्याकडे, राहत होती. तिला अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलमध्ये डॉक्टरेटसाठी अर्ज करायचा होता. घरात या प्रकरणाला ‘व्यापाराची डॉक्टरकी’ असं नाव पडलं होतं, आणि व्यापाराला असा कोणता रोग झाला आहे, असं केशवरावांनी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं.

*

मूर्तिजापूर मागे पडल्यावर एस.टी.त जरा ऐसपैस बसता आलं. गोदाबाईंनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली आणि स्टँडवर अर्धवट राहिलेलं बोलणं पुन्हा सुरू केलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. अर्ज भरून झाला, एक आराखडा तेवढा जोडायचा राहिला आहे. मुंबईला जाऊन परीक्षा दिली, तिचा निकाल चांगला आला. प्राचार्यांचं शिफारसपत्र आलं, नागपूरच्या सरांचं आलं. मग अकोल्याला जाऊन चार पुरुषांसमोर तो अर्ज कशाला मांडायचा?

“अमरावतीच्या टपालात टाकून दे अन् मोकळी हो,” गोदाबाई म्हणाल्या. “कोनाले काय कळते?”

“आत्या, त्याच्यात मी आबाजीच्या दुपट्ट्याचं लिहिलं हाय. त्याईची चीज त्याईले न इचारता सगळी बाहेर मांडू काय?”

खरी गोष्ट तीच होती. काय अभ्यास करणार, या प्रश्नाखाली कौशल्यानं एक परिच्छेद लिहून आधी पत्रानं पाठवला होता. एकाच दिवशी, एकाच प्रतीच्या मालाला उघड्या बोलीत एक भाव येतो आणि दुपट्ट्याखाली दुसरा, असं का होतं. माणूस चारचौघांत जे बोलत नाही ते हातानं कसं बोलतो. तिकडच्या प्राध्यापकांचं उलट टपाली उत्तर आलं. हाच विषय धरा, सविस्तर आराखडा लिहा, अर्जाला जोडा आणि फेब्रुवारी संपण्याच्या आत पोचेल असं बघा. कौशल्याचा आनंद दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी ती आराखडा लिहायला बसली आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला फक्त आकडे येतात. कुठलं बोट म्हणजे किती, हे त्या घरातल्या पोरासोरांना ठाऊक होतं. पण समोरचा खरंच भाव चढवणार आहे की नुसता दम देतो आहे, हे खुशालरावांना, तिच्या आबाजींना, हातावरून कसं कळतं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. दलाल ती विद्या मुलालाच देतो, आणि आबाजींना मूलबाळ नव्हतं.

“अन् नाई म्हनले तं?” गोदाबाईंनी विचारलं.

“नाई म्हनत नाईत. बाबाचा पंजा. श्रावणनं दिवाळीत मले शब्द देला, त्याचा पंजा. काकाची मूठ. दोनाले एक.”

“हिशेब बराबर हाय. मानसं हिशेबानं वागत असती तं तुले अमेरिकेत जाऊन शिकाची गरजच नव्हती.”

कौशल्या हसली. तिला भीती अशी वाटत नव्हती. चार वर्षं ती मुलांच्या वर्गात उभी राहून जमाखर्च शिकवत होती. मागच्या बाकावरून येणाऱ्या शिट्या थांबवायला तिला काय लागलं होतं ते तिचं तिला माहीत. घरातले तीन पुरुष तर तिच्या ओळखीचे होते. खिडकीबाहेर कापसानं भरलेल्या बैलबंड्या एकामागून एक अकोल्याकडे निघाल्या होत्या, आणि आपणही आपला माल घेऊनच बाजाराला निघालो आहोत, असं तिच्या मनात आलं.

*

जेवणं सुरू झाली तसे केशवरावही सुरू झाले. हा माणूस मार्केट कमिटीत बोलून बोलून असा झाला होता की घरातसुद्धा तो समोर सभा बसली आहे असं धरून बोले. मुलीचं वय झालं, परतवाड्याचं स्थळ ताटकळलं आहे, परदेशात ती एकटी कुठे राहणार, काय खाणार, हे सगळं झालं. मग मुख्य मुद्दा निघाला. दुपट्ट्याचा सौदा हा काही अभिमानानं सांगण्याचा प्रकार नव्हे. कमिटीनं ठराव करून तो कापसाच्या बाजारातून काढला आणि त्या ठरावाला आपण स्वतः हात वर केला. आता आपल्याच घरची मुलगी गोऱ्या लोकांना जाऊन सांगणार की आम्ही फडक्याखाली भाव करतो. लोक विचारतील तेव्हा उत्तर द्यायला कोण उभं राहणार?

कौशल्या वाढत होती. तिनं काकांच्या पानात रस्सा घातला आणि शांतपणे सांगितलं की वाईट किंवा चांगलं ठरवायच्या आधी ती गोष्ट आहे तरी काय, ते कुणीतरी नीट लिहून काढायला हवं. कमिटीनं ठराव केला तेव्हा तसं कुणी लिहिलं होतं का, असंही विचारलं. केशवरावांनी आणखी एक पाटोडी मागितली.

वामनराव मात्र खुशीत दिसत होते. ते नगरपालिकेच्या शाळेत हेडमास्तर, आणि मुलीच्या अर्जाची बातमी त्यांनी शिक्षकांच्या खोलीपासून सायकलच्या दुकानापर्यंत पोचवली होती. “माही पोट्टी जाईन,” ते म्हणाले, “अन् असं लिहिन का तिथल्या लायब्ररीत अकोल्याचं नाव राहीन.” श्रावण मान खाली घालून जेवत होता. कौशल्यानं त्याच्याकडे पाहिलं तेव्हा तो किंचित हसला. ती निर्धास्त झाली.

खुशालराव या भानगडीत पडले नाहीत. जेवताना ते नेहमीसारखी पातूरच्या नत्थुजीची गोष्ट सांगत होते. ती सगळ्यांनी इतक्यांदा ऐकली होती की कुठे हुंकार द्यायचा तेही ठरलेलं होतं. नत्थुजीची पांढरी जोडी बाजारात आली. घेणारा मोठा शेठ. दुपट्ट्याखाली भाव चढत गेला आणि त्या सालात कुणाला मिळाला नव्हता असा ठरला. हात सोडण्यापूर्वी खुशालरावांनी रीतीप्रमाणे मालकाकडे वळून विचारलं, “देऊ का?” नत्थुजीनं जोडीकडे एकवार पाहिलं आणि मान हलवली. नाही. शेठ चिडला, बाजार हसला, पण खुशालरावांनी त्याचा हात सोडून दिला.

“भाव दलालाचा,” खुशालराव पानावरून उठता उठता म्हणाले, “माल मालकाचा. त्यानं हो म्हटल्याबिगर सौदा पुरा होत नाई.”

सगळ्यांनी हुंकार दिला आणि हात धुवायला गेले.

*

बैठकीत सतरंजी अंथरली होती. खुशालराव भिंतीला टेकून बसले आणि त्यांनी दुपट्टा उजव्या हातावर ओढून घेतला. बायका आतल्या दाराशी. त्यांना बघायला मनाई नव्हती, हात द्यायची रीत नव्हती एवढंच.

“अर्ज धाडाचा का नाई?” खुशालरावांनी प्रश्न सांगितला. “वामन, ये.”

वामनराव उठले तेव्हा त्यांच्या मनात काही किंतु नव्हता, निदान तसं त्यांना वाटत होतं. पाच पावलांवर काकाजी बसले होते. तेवढ्या अंतरात त्यांना भलतंच काही आठवलं. कौशल्या वाचायला शिकली त्या वर्षापासून संध्याकाळी त्यांच्या खुर्चीशेजारी बसून वर्तमानपत्रातले कापसाचे भाव मोठ्यानं वाचायची. शाळेच्या हेडमास्तराला त्या भावांशी काही घेणंदेणं नव्हतं. ते ऐकायचे ते तिच्या आवाजासाठी. अमरावतीला गेल्यावरही ती महिन्यातून दोनदा यायची आणि आल्या आल्या वर्तमानपत्र उचलायची. अमेरिकेहून कोण येणार? गेलेली मुलं येतच नाहीत, असं शाळेतल्या एका मास्तरांनी परवा सहज बोलून दाखवलं होतं. वामनराव त्यावर हसले होते, आणि त्या रात्री ते झोपले नव्हते.

त्यांनी दुपट्ट्याखाली हात घातला. काकाजींचा हात गार आणि कोरडा होता. आपला पंजा देऊन उठायचं, असं वामनरावांनी स्वतःला सांगितलं, आणि त्यांची बोटं मिटली. ती त्यांनी उघडली नाहीत. खुशालरावांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. वामनराव परत येऊन जागेवर बसले आणि मुलीकडे बघायचं टाळण्यासाठी चष्मा पुसू लागले.

“केशव.”

केशवराव आले ते घसा साफ करत, जणू इथेही भाषण द्यायचं होतं. पण दुपट्टा हातावर पडला की या माणसाचं तोंड आपोआप बंद होई. त्यांना ठरावाचा दिवस आठवला. मुंबईहून आलेल्या व्यापाऱ्यांपैकी एकानं सभेत या रीतीला खेडवळांची चोरी म्हटलं होतं. सगळे हसले. काकाजी मागच्या रांगेत बसले होते. केशवरावांच्या तोंडात उत्तर आलं होतं, पण निवडणूक जवळ होती, म्हणून ते गिळून त्यांनी हात वर केला. त्यानंतर काकाजी कापसाच्या बाजारात पाऊल टाकायला गेले नाहीत आणि त्याबद्दल पुतण्याला एका शब्दानं बोललेही नाहीत. आता ही पोरगी म्हणते की त्या चोरीत शिकण्यासारखं काही आहे, आणि साता समुद्रापलीकडचा प्राध्यापक म्हणतो की लिहा. केशवरावांनी पंजा पुरता उघडला आणि काकाजींच्या तळहातावर दाबून ठेवला, जरा जास्तच वेळ. उठताना चेहरा मात्र रागीट केला.

श्रावणनं शब्द दिला होता आणि तो पाळायचाही होता. कौशल्याताईचं त्याच्यावर प्रेम होतं. दर राखीला ती अमरावतीहून यायची. पण याच सतरंजीवर, त्याचा हात कुणी न मागता, त्यानं ‘नाई’ ऐकलं होतं, आणि त्या दिवसानंतर नागपूरचं नाव कुणी घरात काढलं नव्हतं. त्याच्यासाठी नाही आणि हिच्यासाठी हो? हा विचार त्याला आवडला नाही. तो येऊन गेला तोवर मूठ देऊन झाली होती.

खुशालरावांनी क्षणभर डोळे मिटले. चाळीस वर्षांच्या दलालीत त्यांना हातांनी फार क्वचित चकवलं होतं. आज तिन्ही हात उलटे निघाले. जो नको म्हणत होता त्याचा पंजा, आणि ज्यांच्यावर पोरीनं भरवसा ठेवला त्या दोघांच्या मुठी. पण मोजणी ती मोजणी.

“नाई,” ते म्हणाले आणि दुपट्ट्याची घडी घालू लागले.

आतल्या दाराशी गोदाबाईंनी दुर्गाबाईंचा हात घट्ट धरला. केशवराव चमकून कधी भावाकडे, कधी मुलाकडे पाहू लागले. कौशल्या दारातून पुढे आली. वर्गात मुलं गोंधळ घालू लागली की तिचा आवाज जसा खाली यायचा तसा तो आता आला.

“आबाजी, घडी घालू नका. सौदा पुरा नाई झाला.”

खुशालरावांचा हात थांबला.

“बाजारात बैलानं हात घातलेला म्या तं पाह्यला नाई,” केशवराव बोलून गेले. सवयीनंच बोलले, बोलल्यावर त्यांना स्वतःचाच राग आला.

“बैल मी नाई, काका,” कौशल्या म्हणाली. “माल हाय तो माहं शिक्षन. अन् नत्थुजीची गोठ आबाजीनं आताच सांगतली. भाव ठरला तरी हात सोडाच्या आंधी मालकाले इचारलं पायजे, देऊ का म्हनून. तुमी भाव ठरवला, घडी बी घालून राहिले. मालकाले कोनी इचारलं?”

बाहेर रस्त्यावरून सरकीची बंडी खडखडत गेली. खुशालरावांना आयुष्यात लोकांनी पुष्कळ काही म्हटलं होतं. चोर म्हटलं होतं, जादूगार म्हटलं होतं. सौदा अर्धा टाकून उठला, असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. आणि पोरगी खोटं बोलत नव्हती. घरात ही रीत आणताना बाजारातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ते बाहेर विसरून आले होते, आणि ती लक्षात यायला इतकी वर्षं जावी लागली. त्यांची नजर श्रावणवरून गेली तेव्हा तिथे जरा अडखळली.

मग त्यांनी मान वळवली ती कौशल्याकडे नाही, वामनरावांकडे.

“वामन, तू सांग. मालक कोन? तू का ते पोट्टी?”

वामनरावांच्या लक्षात आलं की आपली मूठ अजून काकाजींच्या हातात आहे. काकाजी ती कधीच उघडून दाखवणार नव्हते. ‘मी’ असं एक अक्षर बोललं की झालं. बाप आहे, कुणी हरकत घेणार नव्हतं. अर्ज इथेच राहील. मुलगी राहील. संध्याकाळचं वर्तमानपत्र राहील. त्यांनी चष्मा चढवला आणि मघापासून पहिल्यांदाच मुलीकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे पाहतच नव्हती. बाबांचं उत्तर तिला माहीतच होतं, इतका तिचा त्यांच्यावर विश्वास होता. ती दुपट्ट्याकडे पाहत होती.

“मी नाई, काकाजी,” वामनराव म्हणाले. “म्या तिले सायकलवर बसवून शायेत सोडलं, तेवढंच. शिकली ते. मालक तेच हाय.”

“पक्कं?”

“पक्कं. मले भेव वाटते, हे बी सांगतो. गेली तं वापस येईन का नाई, याचं भेव वाटते. पन भेव माहं हाय. माल तिचा हाय.”

इतकं बोलून हा दुनियेला ज्ञान वाटणारा हेडमास्तर खाली सतरंजीकडे पाहत राहिला. कौशल्या आता त्याच्याकडे वळली होती. बाबांना कशाची भीती वाटते, हे तिनं आजवर ऐकलं नव्हतं. तिला एकदम रडू आलं. ते तिनं आवरलं नाही, पदरानं डोळे पुसले आणि तशीच उभी राहिली.

श्रावण उठला. खुशालरावांच्या समोरची जागा त्यानं हातानं झटकली आणि बाजूला सरला.

“बस, ताई,” तो म्हणाला.

“अन् आता नीट इचारा,” गोदाबाई दारातून म्हणाल्या. “इतके दिवस तुमचं आयकलं.”

खुशालरावांनी दुपट्ट्याची घडी मोडली. कौशल्या मांडी घालून बसली आणि तिनं उजवा हात पुढे केला. पांढरं कापड दोघांच्या हातांवर पडलं. या दुपट्ट्याखाली बाईचा हात पहिल्यांदाच आला होता. त्या बोटांना टाइपरायटरच्या फितीची शाई लागलेली होती.

“घरानं नाई म्हटलं,” खुशालराव बाजारातल्या आवाजात म्हणाले. “तू मालक. बोल. अर्ज धाडते?”

तिनं पंजा उघडला.

खुशालरावांनी तो धरला आणि सोडला नाही. दुपट्टा धरणाऱ्याचा स्वतःचा हात काय, हे या घरात आजवर कुणाला कळलं नव्हतं; तो मोजणीत नसायचाच. कौशल्याला जाणवलं की म्हाताऱ्याची बोटं एकेक करून उघडत आहेत. त्यांचा पंजा तिच्या पंजावर सपाट टेकला आणि तसाच राहिला. वर त्यांचा चेहरा बैलबाजारात असायचा तसाच कोरा होता. केशवराव त्या चेहऱ्यावरून काही कळतं का ते पाहत होते. त्यांना काही कळलं नाही.

“आकडे येतात तुले?” खुशालरावांनी विचारलं.

“येतात.”

“आकडे कोनालेबी येतात. आता मी दोन भाव बोलतो. एक खरा, एक दमाचा. खोटा कोन्ता ते सांग.”

दुपट्टा जरा हलला. पुन्हा हलला. कौशल्यानं डोळे मिटले होते. डोळे आणि गाल अजून ओले होते, पण कपाळावर तीच आठी आली होती जी तिला लहानपणी गणित घालताना यायची.

“दुसरा खोटा,” ती म्हणाली.

“काहून?”

“बोटं जोरात दाबली, पन आंगठा सैल होता. खरा भाव बोलले तवा आंगठ्यानं मले धरून ठेवलं होतं.”

खुशालराव हसले. दात गेलेल्या तोंडानं, आवाज न करता, चांगले हसले. “बेस,” ते म्हणाले. “हे लिहिजो तुह्या अर्जात. अन् लिहून झालं का बाकी राह्यलं ते पुढच्या ऐतवारी इचार. लय हाय.”

“काकाजी,” केशवराव न राहवून म्हणाले, “मले हे कधी सांगतलं नाई.”

“तू कधी इचारलं?”

दुर्गाबाईंनी आतून चहा ठेवू का म्हणून विचारलं. विचारता विचारताच त्यांनी तो ठेवलाही. केशवराव सतरंजीवर सरकत सरकत पुढे आले, श्रावणही आला, आणि दोघं माना पुढे काढून बघू लागले, जसं बाजारातली माणसं बघतात. खुशालराव भाव बोलत होते आणि कौशल्या हळू आवाजात सांगत होती, खरा, खरा, खोटा. मधेच ती चुकली तेव्हा त्यांनी तोच भाव पुन्हा दिला.

वामनराव आपल्या जागीच बसून होते. इतक्या लांबून त्यांना हात दिसत नव्हते. दुपट्टा हलतो आहे एवढंच दिसत होतं, आणि मुलीचा आवाज ऐकू येत होता. ती भाव सांगत होती आणि ते ऐकत होते.